‘वैमनस्य’ लिहिताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुन्हेवार्तांत ‘पूर्ववैमनस्यातून’ हा शब्द सतत लागतो आणि बऱ्याचदा तो ‘पूर्ववैमन्यस्यातून’ असा छापला जातो, मथळ्यातसुद्धा. मूळ शब्द ‘विमनस्’, म्हणजे मन विटलेला. त्याला ‘य’ प्रत्यय लागला की ‘वि’चा ‘वै’ होतो. ‘सुमनस्’पासून ‘सौमनस्य’ होते तसेच. मधले ‘मनस्’ अखंड राहते, ‘न’ला ‘य’ चिकटत नाही. मुद्रिते तपासताना जोडाक्षरे मोजावीत: ‘वैमनस्य’मध्ये एकच, शेवटचे ‘स्य’. आणि ‘पूर्व’ जोडूनच लिहावा.

अर्थाची हेळसांड मात्र याहून सलते. वैमनस्य ही मनातली अढी आहे, कृती नव्हे. ‘दोन गटांत वैमनस्य होऊन चौघे जखमी’ हे वाक्य म्हणूनच चूक. जखमी झाले ते हाणामारीत. ‘जुन्या पूर्ववैमनस्यातून’ यात ‘जुन्या’ फुकटचा. गाडी लावण्यावरून संध्याकाळी बाचाबाची झाली आणि रात्री कोयता निघाला, तर त्यात ‘पूर्व’ काय? तिथे ‘वादातून’ पुरे. तपास चालू असताना ‘पूर्ववैमनस्यातून खून’ असा निवाडा तर देऊच नये. ‘पूर्ववैमनस्यातून खून झाल्याचा पोलिसांना संशय’ असे लिहायला तीन शब्द जास्त लागतात, ते खर्च करावेत. गेलेल्या माणसाचाही कुणाशी जुना दावा होता, असे त्या एका शब्दाने ठरून जाते, आणि ती ओळ त्याच्या घरची माणसेही वाचतात.

शेजारचे शब्दही आपापल्या जागी हवेत. ‘वितुष्ट’ येते ते आधी सख्य असलेल्यांत: भावाभावांत, भागीदारांत. अनोळखी माणसांत वितुष्ट कुठून येणार? ‘तेढ’ समाजासमाजांत निर्माण होते किंवा केली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ची (पूर्वीचे भारतीय दंड विधानातले १५३-अ) बातमी असेल तर हाच शब्द घ्यावा. ‘वैर’ धरतात, साधतात, पिढ्यान्‌पिढ्या चालवतात.

एक विनंती. संगणकाच्या शब्दसूचीत ‘वैमन्यस्य’ एकदा शिरले की त्याखाली लाल रेघ उमटत नाही आणि चूक पुढच्या प्रत्येक बातमीत बिनबोभाट जाते. आपल्या कार्यालयातल्या सूचीत ते रूप असेल, तर तेवढे काढून टाकायला सांगावे.

आपला,
एक मुद्रितशोधक