आकडा घटला म्हणून द्वेष घटला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्षअखेरीला ‘जिल्ह्यात अॅट्रॉसिटीचे गुन्हे घटले’ अशी चौकट छापून येते आणि पुढे तोच आकडा विद्यार्थ्यांच्या प्रबंधात जाऊन बसतो. मुळात तो अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या, पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आकडा. घटना किती घडल्या, हे त्यावरून कळत नाही. द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांचा अभ्यास करायचा, तर हा आकडा शिजतो कसा इथून सुरुवात करावी लागते.

मोजणीत येते तरी कोण? कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत, साताऱ्यात विमुक्त जातीत. म्हणजे तीच शिवी आणि तीच मारहाण नागपुरात अॅट्रॉसिटी कायद्याखाली येईल, कराडात साधी मारहाण ठरेल. रामोशी, वडार तर राज्यभर या कायद्याबाहेर. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण हातात दाखला नसला की प्रकरण तिथेच अडते. मुसलमानांवरील हल्ल्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये जमाव मशिदीवर चालून गेला, एकाचा जीव गेला. अशा प्रकरणात खून आणि दंगल एकाच एफआयआरमध्ये असतील, तर देशभरातील गुन्ह्यांचे आकडे जमवणारी एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजते. दंगल तक्त्यातून गळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत जमावाने जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला कलम १०३(२) आणि गंभीर दुखापतीला ११७(४) आले. पण हल्लेखोर किमान पाच हवेत, चौघे असतील तर दोन्ही कलमे लागत नाहीत. शिवाय कारणांच्या यादीत ‘धर्म’ हा शब्दच नाही. ‘समुदाय’ आणि ‘वैयक्तिक श्रद्धा’ यांवर भागवायचे.

म्हणून आमची सूचना अशी की, अभ्यासकाने अख्ख्या जिल्ह्याऐवजी एकाच पोलीस ठाण्याच्या पाच वर्षांच्या नोंदी घ्याव्यात. पोलिसांच्या संकेतस्थळावरच्या एफआयआरवर विसंबू नये. संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. माहिती अधिकारात (अर्ज १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस) तीन गोष्टी मागाव्यात: त्या ठाण्यातील अदखलपात्र नोंदींची (ज्यांत पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत) संख्या, समाजकल्याण खात्याकडून पीडितांना दिलेल्या अर्थसाहाय्याची गुन्हानिहाय यादी, नावे वगळून, आणि या कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची इतिवृत्ते. ही समिती दर तीन महिन्यांनी बसायला हवी. कधी बसली नाही, हीसुद्धा माहितीच आहे.

फिर्याद वाचताना ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढे छापील वाक्य दिसले की थांबावे. नेमका शब्द कोणता, जागा कोणती, ऐकले कोणी, हे नसेल तर ‘लोकांना दिसेल अशा ठिकाणी’ ही अट न्यायालयात सिद्ध होत नाही. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने केला असेल, तर बचाव पक्ष तेच धरून बसतो. त्याच दिवशी, कधी काही तासांच्या फरकाने, उलट फिर्याद येते. बहुधा दरोड्याची किंवा विनयभंगाची. दोन्ही एफआयआर स्टेशन डायरीतल्या वेळांसह शेजारी ठेवल्याशिवाय मत बनवू नये.

सर्वांत मोठी गफलत ‘खोट्या केसेस’ची. तपास बंद करताना पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात, ती समरी. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, ‘क’ समरी म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद, ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. या तिन्हींची बेरीज, वर निर्दोष सुटलेले खटले, अशी मोट बांधून ‘इतके टक्के खोटे’ म्हणायचे हे गणित चुकीचेच नव्हे, अप्रामाणिक आहे. साक्षीदार फितूर झाला म्हणजे घटना घडली नाही, असे होत नाही. गावातली मजुरी, पाण्याची पाळी, किराणा दुकानातली उधारी ज्यांच्या हातात, त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची असते.

मुलाखती घेणाऱ्यांनी गावाचे नाव बदलले म्हणजे झाले, असे समजू नये. गावात मातंगांची दोनच घरे असतील, तर ‘दोन मुलांची विधवा, टोमॅटोच्या तोडणीला जाणारी’ एवढ्या वर्णनावरून सारा तालुका तिला ओळखतो.

आपल्याकडे एक मागणी आहे. अशा बातमीत गुन्हा रजिस्टर नंबर, ठाणे आणि लावलेली कलमे द्यावीत. एकच घटना तीन दैनिकांत तीन वेगळ्या गावांच्या नावांनी आली, की कात्रणांवरून अभ्यास करणारा ती तीनदा मोजतो.

आपले,
सामाजिक संशोधनातील काही वाचक, सातारा