लॅपटॉप तिथेच दुरुस्त करून घ्या

सोलापूर,
४ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जर्मनीत दादाकडे असताना बाबांचा लॅपटॉप बंद पडला, त्यावर काल फोनवर बाबा म्हणाले, "राहू दे, मार्चमध्ये घरी आलो की बघू." मला ते पटलं नाही. तोपर्यंत बाबांची कामं अडून राहणार आणि पैसे मोजून घेतलेल्या वॉरंटीचे महिने फुकट जाणार. फोनवर आवाज मधेच तुटतो, निम्मं राहून जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. दादाला याची प्रिंट काढून द्यायला सांगा.

आधी बाबांच्या मनातली शंका. तिथल्या विजेने लॅपटॉप गेला असं अजिबात नाही. जर्मनीतही आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज असते, फरक फक्त प्लगच्या आकाराचा. ॲडॅप्टर उलटा करून बघा, त्यावर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल. म्हणजे तो अमेरिकेतल्या १२० व्होल्टवरही चालला असता. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही, तेव्हा ते मनातून काढून टाका.

आता वॉरंटी. कंपनीच्या साइटवर आपला सीरियल नंबर टाकून पाहिला. वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि आंतरराष्ट्रीय आहे, तसं स्पष्ट लिहिलंय. हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. ॲपलचा मॅक असेल तर त्याची एक वर्षाची वॉरंटी सहसा देश बघत नाही. लेनोव्होच्या थिंकपॅडला बहुतेक वेळा बाहेरच्या देशात सेवा मिळते, पण घरगुती वापराच्या स्वस्त मॉडेलना मिळेलच असं नाही. एसरची काही मॉडेलपुरती प्रवाशांसाठी वेगळी वॉरंटी असते. डेलचा असला तर लॅपटॉप दुसऱ्या देशात आला आहे अशी नोंद ऑनलाइन अर्ज करून बदलून घ्यावी लागते. आणि दुकानदार वर जो जादा प्लॅन विकतो, तो बहुधा कंपनीचा नसतोच, भारताबाहेर त्याचा उपयोग नाही. आपण तेव्हा थोडे जास्त पैसे घालून ऑफिस वापराचा लॅपटॉप घेतला, त्याचं आज चीज होणार आहे.

एक अडचण मात्र आहे. साइटवर वॉरंटी सुरू झाल्याची तारीख आपल्या बिलाच्या आधीची दाखवते. बऱ्याच कंपन्या माल कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून मोजतात आणि बिल दाखवलं की तारीख दुरुस्त करतात. म्हणून कपाटातली फाइल काढली. बिल सापडलं, पण दुकानाचा निळा शिक्का नेमका सीरियल नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवर बसलाय. मग नवी पेठेत दुकानात गेले. त्यांनी कॉम्प्युटरवरून त्याच बिलाची स्वच्छ प्रत काढून दिली, जीएसटी नंबरसकट. ती स्कॅन करून दादाला मेल केली आहे. दादाने एवढंच करावं, लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरचा फोटो काढून तो मोठा करून बघावा आणि बिलावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवावा. शून्य आणि 'ओ' तिथे अगदी सारखे दिसतात आणि एका अक्षराच्या फरकाने 'असा नंबर नाही' असं उत्तर येतं.

कंपनीला फोन दादा करेल, पण काय झालंय ते बाबांनीच सांगावं. नुसतं "बंद पडला" सांगू नका. ॲडॅप्टरचा दिवा लागतो का, लॅपटॉपचा लागतो का, दुसऱ्या ॲडॅप्टरने काही फरक पडतो का, हे क्रमाने सांगा. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायला ते सांगतीलच, ते आधीच करून ठेवा. चहा-पाणी सांडलं असेल, कुठे आपटला असेल तर तेही खरं सांगा. तसं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही आणि आत उघडल्यावर त्यांना ते कळतंच. काही सांडलं नसेल तर तेही ठामपणे सांगा. शेवटी केस नंबर मागून घ्या. तो हातात असला की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

इथे सोलापुरात माणूस घरी येऊन दुरुस्त करून जाईल, असं आपल्या वॉरंटीत आहे. तिथे तसंच होईल असं धरून चालू नका. परदेशात बहुधा त्या देशात जी सोय असेल तीच मिळते, म्हणजे सेंटरला नेऊन द्या किंवा खोक्यात भरून पाठवा. पाठवायचा झाला तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा, म्हणजे नंतर ओरखडा कुणाचा यावर वाद नको. जवळच्या कुठल्या साध्या दुकानात उघडू देऊ नका, कंपनीला वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. आणि तो इकडे कुरिअरने पाठवायचा विचारही नको. लिथियम बॅटरी असलेल्या पार्सलला विमानात कडक नियम असतात, वर कस्टमची कटकट वेगळी.

बाबा, हा पुढचा भाग दोनदा वाचा, कारण यात तुमची सगळी हिशेबाची कामं अडकली आहेत. लक्षणं बघता मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलतील असं मला वाटतं. तो बदलला की विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजच्या कुलपाची, की मागू शकतं. ही की ४८ आकड्यांची असते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीही उघडत नाही, आणि कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सहसा जमा असते. दादाच्या कॉम्प्युटरवर खातं उघडा, की कागदावर उतरवून घ्या, आकडे दोघांनी मिळून तपासा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मुळीच ठेवू नका. ओटीपी तुमच्या इकडच्या नंबरवर येणार, तेव्हा त्या सिमचं रोमिंग चालू राहू दे. सेंटरवाल्यांना लेखी सांगा की डिस्क पुसायची नाही. मदरबोर्ड बदलायला डिस्क पुसावी लागत नाही, पण तुमच्या माहितीची जबाबदारी आमची नाही अशी सही ते घेतात आणि काही जण सर्रास सगळं कोरं करून देतात.

कीबोर्डचंही बघा. जर्मन कीबोर्डवर 'झेड' आणि 'वाय' यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात आणि चिन्हंही भलत्याच ठिकाणी असतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड आणि त्याच्याभोवतीचं, तळहात टेकतो ते झाकण हा एकच भाग असतो, त्यामुळे झाकण बदललं की कीबोर्डही तिथलाच येतो. बाबांची बोटं न बघता चालतात, इतक्या वर्षांची सवय आहे ती. आपला कीबोर्ड चांगला आहे, त्याला हात लावू नका, असं आधीच सांगून ठेवा.

तरीही कुणी नाही म्हटलं तर तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. का नाही, ते मेलवर लिहून मागा. मग पुढचं मी इथून बघते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही. तेवढी वेळ येणार नाही, पण आपल्या हातात काय आहे ते माहीत असलेलं बरं.

आई, हे तुझ्यासाठी. बाबा नको म्हणतात ते दादाला त्रास नको म्हणून, हे मला कळतं. सून कामावरून दमून येते, मुलाला सुट्टी काढावी लागेल, आपण पाहुणे, असं तुमचं चालतं. पण दादाला त्याचा त्रास वाटणार नाही, मी त्याच्याशी बोलले आहे. आणि कंपनीचं म्हणाल तर त्यात कुणाचे उपकार नाहीत, आपण त्याचे पैसे भरलेत. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातला रुपया न् रुपया जुळवून दिला. स्वतःच्या हक्काचं मागताना मात्र ते मागे सरतात, ते मला बघवत नाही. तू बाजूला बसून त्यांना फोन करायला लाव.

अकरा तारखेच्या जीएसटी रिटर्नची काळजी नको. नोव्हेंबरपर्यंतचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप घरच्या पेन ड्राइव्हवर आहे, तो जुन्या कॉम्प्युटरवर चढवला. डिसेंबरची बिलं अक्कलकोट रोडच्या दोन्ही चादर कारखान्यांतून आणली आहेत, रोज रात्री थोडी थोडी भरते. एका कारखान्याचा विक्रीचा परतावा कुठल्या खात्यात टाकायचा ते मात्र मला समजलेलं नाही, बाबांनी उद्या सांगावं. वीस तारखेचं जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं दुसरं जीएसटी रिटर्न, बाबांचा लॅपटॉप आला तर ते भरतील, नाहीतर मी.

होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, तयारी सुरू झाली आहे, पाळणे उभे राहिलेत. अक्षता सोहळ्याला मी आत्यासोबत जाणार आहे, नैवेद्य नेहमीसारखा देईन. शेंगा चटणी संपत आली असेल तर कळवा, दादाचा मित्र महिनाअखेरीस येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

सोमवारी तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथे दीड वाजतो. जेवणाच्या सुट्टीत मी मोकळी आहे. दादा कंपनीला फोन लावेल तेव्हा मलाही जोडून घ्या.

तुमची लेक