रविवारची नवी मोहीम: पात्रं पॉइंट-बायनेच बनवा

मंडळी,

येत्या रविवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्या जागी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन खेळायच्या फाशांच्या खेळाची नवी मोहीम (अनेक बैठकांत चालणारी कथा) सुरू होत आहे. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. कॅरॅक्टर शीटचा (पात्राची माहिती लिहायच्या कागदाचा) फोटो शुक्रवार रात्रीपर्यंत डीएमकडे (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे) पाठवा.

यावेळी पात्राच्या क्षमतांसाठी (ताकद, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांच्या आकड्यांसाठी) फासे टाकायचे नाहीत. ठरलेले पॉइंट वाटून ते आकडे घ्यायचे, हेच पॉइंट-बाय. एकाला १८ पडले आणि शेजारच्याला ७, तर तो फरक मोहीम संपेपर्यंत सोबत राहतो. नव्या खेळाडूंचा त्यात हिरमोड होतो, आणि ते मला मुळीच पटत नाही.

- सहाही क्षमता ८ पासून सुरू. वाटायला २७ पॉइंट.
- १३ पर्यंत दर पायरीला १ पॉइंट, पुढे १४ आणि १५ साठी प्रत्येकी २. म्हणजे १४ ला एकूण ७, १५ ला ९.
- वंशाची वाढ (एल्फ, ड्वार्फ अशा पात्राच्या वंशामुळे क्षमतेत पडणारी भर) नंतर मिळवायची. त्याआधी १५ ही कमाल.

१५ घेताना जरा थांबा. १४ असो वा १५, खेळताना फाशाच्या आकड्यात +२ च मिळतात. वंशामुळे १६ होणार असतील (तिथे +३) तर ते जास्तीचे २ पॉइंट लगेच वसूल होतात. तीन क्षमता १५ आणि तीन ८ हेही नियमात बसतं, पण लढाईबाहेर असं पात्र फार अडतं. गोंधळ होत असेल तर १५, १४, १३, १२, १०, ८ घ्या. बरोबर २७ होतात.

पहिल्यांदाच खेळणाऱ्यांना शुक्रवारची मुदत नाही. त्यांनी रविवारी २ वाजता यावं, आपण सोबत बसून पात्र बनवू.