मंत्रिमहोदय, टीव्हीवरच्या काकूचे डायलॉग आम्हाला लिहू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,
सप्रेम नमस्कार.

मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ५१, दादरला एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. रात्री जेवणं उरकली की घरातल्या सगळ्यांबरोबर टीव्हीवरची कॉमेडी बघते, गेली कित्येक वर्षं बघते. विनोदाचा मला राग नाही हे आधीच सांगते, दिवसभर लोकांची बोलणी ऐकल्यावर तो एक तास मला हवाच असतो.

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका चॅनेलवर मेनोपॉजवर, म्हणजे बाईची पाळी जाण्यावर, एक स्किट लागलं होतं, नाव नाही घेत कारण हा एकट्या त्यांचा प्रश्न नाही. त्यात एक काकू, म्हणजे साडी नेसलेला पुरुष कलाकार, पोटाला उशी बांधलेली, हातात पुठ्ठ्याचा पंखा, सारखी घाम पुसतेय, नवऱ्यावर ओरडतेय, लगेच रडतेय, आणि नवरा प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की हिची एक्स्पायरी डेट झाली आता. सगळा स्टुडिओ हसला. माझा नवरा हसला, मुलगाही हसला, तो २२ वर्षांचा आहे, मनाने खूप चांगला आहे. मला नेमकी त्याच वेळी छातीपासून मानेपर्यंत गरम वाफ चढत होती. मी उठले, गाऊनच्या बाहीने मान पुसत स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजचं दार उघडून तशीच उभी राहिले. परत आले तेव्हा जाहिराती चालू होत्या. कोणी काही विचारलं नाही, कारण त्यांना काही कळलंच नव्हतं, आणि कळणार तरी कुठून, या विषयातलं त्यांना जे काही माहितीये ते असल्या स्किटमधूनच आलेलं आहे.

ज्याने ते लिहिलं त्याला बहुतेक हे माहीतच नसावं की ती वाफ म्हणजे नक्की काय असतं. शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी व्हायला लागलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग अगदी हळवा होतो, जरासं तापमान वाढलं तरी त्याला वाटतं शरीर तापलं, मग तो रक्तवाहिन्या मोकळ्या सोडतो आणि घाम काढतो, काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि कधी कधी वर थंडी वाजते. रात्री तीन-तीनदा असं झालं तर झोप कुठून लागणार, आणि महिनोन्महिने झोप नाही म्हटल्यावर कोणीही चिडेल, पुरुषही चिडेल. सलग १२ महिने पाळी आली नाही की डॉक्टर म्हणतात मेनोपॉज झाला, आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतो, पण त्याआधीची काही वर्षं ही अशी वरखाली जातात आणि त्या वर्षांना आपल्या घरात धड नावसुद्धा नाही, "हिचं हल्ली काहीतरी बिनसलंय" एवढंच.

आता आमचा लेडीज डबा सांगते. सव्वाआठची गाडी, बाराजणींचा ग्रुप, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. तिथे जी कॉमेडी चालते ना ती मी टीव्हीवर आजपर्यंत बघितलेली नाही. एकीला भांडुप गेलं की वाफ येते, रोज भांडुपच, मग आम्ही सगळ्या आधीच ओरडतो की अगं स्टेशन आलं तुझं, आणि खिडकीवालीने उठून तिला जागा द्यायची हा नियमच झालाय. दुसरीने फक्त यासाठी एसी लोकलचा पास काढला, पगाराच्या मानाने महागच तो, आणि ती म्हणते रेल्वेने माझी फाइल बघूनच ही गाडी सोडली. तिसरीने सासूला विचारलं की तुम्हाला असं झालं होतं का हो, तर सासू ७८ वर्षांची, तिने आधी दार लावून घेतलं आणि मग दीड तास बोलत होती, लग्नाला २६ वर्षं झाली पण दोघींमध्ये एवढं बोलणं कधी झालंच नव्हतं. हे ऐकताना आम्ही इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, काहींच्या डोळ्यांतलं पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. सांगा, यात विनोद नाही? भरपूर आहे. पण तो त्या बाईच्या तोंडून येतो, तिला नाव आहे, नोकरी आहे, भांडुप स्टेशन आहे. टीव्हीवरच्या काकूला यातलं काहीच नसतं, नुसता पंखा असतो.

पुरुषाने साडी नेसली म्हणून माझी तक्रार नाही. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात ती तक्रार करूच शकत नाही, त्यांचं साडी नेसणं, दागिने, केशरचना बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. त्यांनी बाईचा रुबाब उभा केला. आज उशी बांधून जे उभं केलं जातं त्याच्यासारखं व्हावंसं कोणत्या बाईला वाटेल?

मुलीने मला मोबाइलवर एक जुनी अमेरिकन क्लिप दाखवली, 'ऑल इन द फॅमिली' नावाच्या मालिकेतली, १९७२ च्या जानेवारीतला एपिसोड. नेहमी शांत असणारी ईडिथ एकदम भडकायला लागते, घरात कोणाला काही कळत नाही, शेवटी मुलीच्या लक्षात येतं की आईचा मेनोपॉज आहे. आणि नवरा, आर्ची, तिला म्हणतो की बदल व्हायचाय ना, मग आत्ताच्या आत्ता हो, तीस सेकंद देतो. लोक पोट धरून हसतात, पण हसतात त्याच्या अडाणीपणाला, तिच्या घामाला नाही. ते लिहिणाऱ्याला एमी पुरस्कार मिळाला, आणि लिहिणारा पुरुषच होता, म्हणजे पुरुषांना जमत नाही असंही नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं. म्हणजे आपल्याकडे टीव्ही यायच्या आधी तिथे हा विषय कॉमेडीत येऊन गेला होता, आणि आपण अजून पंख्यावरच.

याचा परिणाम नुसता मन दुखण्यावर थांबत नाही हो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि परत रक्त जायला लागलं. त्या कोणाला बोलल्या नाहीत, या वयात होतंच असं, लोक हसतील, म्हणून चार महिने काढले. पाळी पूर्ण बंद झाल्यावर परत रक्तस्राव झाला तर डॉक्टरकडे जायचंच असतं, थोडा असला तरी, कारण कधी कधी ते कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं. सुदैवाने त्यांचं तसं काही निघालं नाही. ही एवढी एक गोष्ट एखाद्या चांगल्या स्किटमध्ये आली तर दवाखान्यातल्या भिंतीवरच्या दहा पोस्टरपेक्षा जास्त बायकांपर्यंत जाईल, त्या वेळेला आम्ही सगळ्या टीव्हीसमोरच असतो.

आणि याच महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, तिशीतल्या पोरींच्या. २०१९ मध्ये सरकारनेच समिती नेमली, तपासणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली तर बाई एका दिवसात मेनोपॉजमध्ये जाते, आम्हाला पाच-सहा वर्षांत हळूहळू होतं ते तिला एकदम, आणि तिला वाफ येते ती उसाच्या फडात, उन्हात, डोक्यावर मोळी असताना. "पिशवी काढली" या शब्दांवर स्टुडिओत हशा येतो तेव्हा मला त्या बायका टीव्हीसमोर बसलेल्या दिसतात.

मला कशावर बंदी नको आहे. सेन्सॉर तर अजिबात नको, नाहीतर चॅनेलवाले घाबरून हा विषयच बंद करतील आणि मग आहे ते बोलणंही जाईल. चॅनेल तुमच्या हातात नाहीत हेही कळतं. पण राज्य नाट्य स्पर्धा तुमच्याच खात्याची आहे, प्रभादेवीची पु. ल. देशपांडे अकादमी तुमची आहे, गोरेगावची चित्रनगरी तुमची आहे, आणि टीव्हीवर आज जे लिहितात, अभिनय करतात त्यातले कितीतरी जण एकांकिका आणि स्पर्धा करतच पुढे आलेत. तिथे आम्हाला जागा द्या. पंचेचाळीस ओलांडलेल्या बायकांसाठी विनोदी लेखनाची कार्यशाळा ठेवा, शिकवायला मालिका लिहिणारी माणसं बोलवा, एखाद्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ पण बोलवा म्हणजे चुकीचं काही लिहिलं जाणार नाही. जे चांगलं निघेल ते स्पर्धेत सादर करा आणि चॅनेलच्या लोकांना बघायला बोलवा. निर्मिती सावंत, वंदना गुप्ते, विशाखा सुभेदार, अशा ताकदीच्या कलाकार आपल्याकडे आहेत, त्यांच्या हातात पंख्यापलीकडचं काहीतरी द्यायला लेखन तर हवं.

एक विनंती, वेळ संध्याकाळी सातची ठेवू नका, तेव्हा आमच्या पोळ्या चालू असतात. दुसरा-चौथा शनिवार दुपारी ठेवा, बँका बंद असतात आणि गाड्यांना गर्दी कमी असते. फी फार नको. आणि हॉलमध्ये पंखे चालू असू द्या, खिडक्या उघडता येतील असा हॉल बघा.

आमच्या डब्यातल्या चौघींनी आत्ताच नावं दिलीत, भांडुपवाली पहिली. आणि त्या दीड तास बोललेल्या सासूबाई पण येते म्हणतात, वयाची वरची अट नसेल तर. फॉर्म कुठे मिळेल आणि कधीपासून, तेवढं कळवा.

आपली,
मुलुंडची एक प्रेक्षक