मोसंबी नावाचे पिल्लू

जालना,
१८ जानेवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

येळवशीच्या सणाला तुझ्या शेतावर आलो नाही आणि त्यानंतर महिनाभर तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत, याचा राग तू धरला असशील तर तो रास्तच आहे. तुमच्याकडे ज्या दिवशी कडब्याच्या कोपीपुढे भज्जी आणि आंबिलीच्या पंगती बसल्या असतील, त्या दिवशी मी कॅनडात, विनिपेगला सुधीरच्या घरी खिडकीशी उभा राहून गुडघाभर बर्फ पाहत होतो. बाहेर उणे सत्तावीस अंश होते. आमच्या प्रकृती ठीक आहेत, सौ.चे पाय विमानात सुजले होते, ते आता उतरले आहेत.

तुला फोन करण्यासाठी मी तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला, कारण घडले ते इतके लहान आहे की तोंडाने सांगू गेलो तर दोन वाक्यांत संपेल आणि तुला काहीच कळणार नाही. आमच्या सुधीरने नाताळाला लेकीसाठी, रिबूसाठी, कुत्र्याचे पिल्लू आणले. घडले ते एवढेच, पण त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

तिकडे डिसेंबरात सकाळी सव्वाआठ वाजून गेले तरी सूर्य उगवत नाही आणि दुपारी साडेचारला मावळतो. गाड्यांचे इंजिन गोठू नये म्हणून रात्री त्यांनाही विजेची पिन लावून ठेवतात. बर्फ ओला असेल अशी माझी कल्पना होती. तो निघाला कोरडा, पायाखाली नव्या चपलेसारखा करकरणारा. रिबूने मला अंगणात नेले तेव्हा मी काय केले असेल ते तू ओळखशील. मी घरातले पातेले मागवले, बर्फाने काठोकाठ भरले आणि शेगडीवर ठेवले. सगळे वितळल्यावर तळाशी दोन बोटे पाणी उरले. एवढे पांढरे रान डोळ्यांसमोर पसरलेले आणि पातेलेभर बर्फात एक तांब्याही भरत नाही, हे पाहून मला २०१२ सालचे आपले टँकर आठवले. सूनबाई हसत होती, सुधीर मात्र हसला नाही. बाग वाळत होती तेव्हा तो माझ्याबरोबर टँकरच्या नळीशी उभा असे, आणि ती तोडायला करवतवाले आले त्या दिवशीही तो तिथेच होता. तो परदेशी गेला तो त्यानंतरच, हे तुला ठाऊक आहे.

चोवीस तारखेच्या रात्री सगळे जण उपासनेहून परतलो आणि रिबू झोपली, तेव्हा सुधीर बाहेरून एक खोका घेऊन आला. खोक्याला भोके पाडलेली होती. तो मला म्हणाला, "बाबा, एका रात्रीपुरते हे तुमच्या खोलीत ठेवा. तुमच्या खोलीत ती सकाळपर्यंत येणार नाही." अशा रीतीने त्या गुपितात मी सामील झालो. आठ आठवड्यांचे पिल्लू होते, गोल्डन रिट्रीव्हर जातीचे. ही जात मूळची स्कॉटलंडची आहे असे कळल्यावर मला गंमत वाटली, कारण नारायण शेषाद्रींनी वसवलेले ख्रिस्ती खेडे बेथेल आणि आपल्या जालन्याचे मिशन यांची नाळही त्याच देशाशी बांधलेली. हे सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, आधी त्याला गप्प करा, मग इतिहास सांगा.

ते रडत होते, दत्ता. आईपासून पहिल्यांदाच तुटलेले लेकरू जसे थांबून थांबून, पुन्हा दम घेऊन रडते, तसे. दूध दिले, गरम पाण्याची पिशवी जवळ ठेवली, तरी ते काही केल्या गप्प होईना. शेवटी मी आईची गोधडी काढली, जी मी थंडीसाठी जालन्याहून नेली होती. तीच, जिच्यात मधोमध आईच्या हिरव्या पातळाचा चौकोन आहे आणि ज्या चौकोनावर तू चहा सांडला होतास. त्या गोधडीत गुंडाळून मी त्याला छातीवर घेतले. त्याचे पोट तापलेल्या कणकेच्या गोळ्यासारखे होते, आणि दात म्हणजे तांदळाच्या कण्याच. त्याने गोधडीचा एक टाका त्या दातांत धरला आणि तसेच निजले. पहाटे तीनपर्यंत मी कूस बदलली नाही. नंतर त्याने गोधडी ओली केली, पण तेव्हाही मला उठवेना.

त्या तीन तासांत मला मोत्या आठवला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर संध्याकाळी भाकरीच्या वेळेला हजर होणारा आणि रात्री तुमच्या वाड्याच्या ओट्यावर जाऊन निजणारा मोत्या. तो माझा की तुझा, यावरून आपण किती भांडलो आणि एकदा आठ दिवस अबोला कसा धरला, ते तू विसरला नसशील. मी म्हणत होतो की जो खाऊ घालतो त्याचा कुत्रा. तू म्हणालास, "कुत्रा खातो तिथला नसतो, निजतो तिथला असतो." आठवीतल्या मुलाचे ते बोलणे मी पन्नास वर्षे खोटे पाडत आलो आणि आजही लेखी सांगतो की मोत्या वसतिगृहाचाच होता. पण त्या रात्री तुझे ते वाक्य मला एकदम वेगळ्या अर्थाने ऐकू आले, आणि छातीवर पिल्लू असल्यामुळे मला उठून फेऱ्याही मारता येईनात.

तू विचारशील की पिल्लात एवढे काय. सुधीरने तिकडे घर घेतले तेव्हा मी तुला सांगितले होते की भाडे भरण्यापेक्षा हप्ता बरा, उद्या विकून चार पैसे येतील. त्याने नागरिकत्व घेतले तेव्हा मीच चार लोकांत म्हणालो की ती प्रवासाची सोय आहे. घराला गुंतवणूक म्हणता आले, नागरिकत्वाला सोय म्हणता आले. पिल्लाला काय म्हणू? पिल्लू कोणी गुंतवणूक म्हणून आणत नाही. ते दहा-बारा वर्षे जगते, आणि 'रिबू सातवीत जायच्या आत आम्ही येतो' असे म्हणणारा माणूस मुलगी पाचवीत असताना ते आणत नाही. ब्रिटनमधल्या एका श्वानसंस्थेचे १९७८ पासूनचे घोषवाक्य सूनबाईने शीतकपाटावर चिकटवले आहे: कुत्रा जन्मभरासाठी असतो, केवळ नाताळापुरता नाही. तिने ते रिबूला जबाबदारी कळावी म्हणून लावले आहे. मी मात्र पाणी प्यायला जाताना दर वेळी तेच वाचत होतो.

सकाळी सात वाजता, बाहेर गुडुप अंधार असताना, रिबू झाडाखालचे पुडके उघडायला आली. सुधीरने खोका तिच्यापुढे ठेवला. तिने झाकण उघडले, आत पाहिले आणि झाकण परत लावून टाकले. मग ती आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहू लागली, जणू आमच्यापैकी कोणी 'हे तुझे नाही' म्हणणार आहे. नंतर ती रडायला लागली, पिल्लूही रडायला लागले, आणि सौ.ने दोघांना एकदमच मांडीवर घेतले. नाव काय ठेवायचे म्हणून सूनबाईने एक यादी केली होती, तिच्याकडे रिबूने पाहिलेही नाही. ती म्हणाली, "मोसंबी." पिकल्या फळासारखा पिवळसर रंग, हे एक कारण; दुसरे कारण म्हणजे मी तिला तीन वर्षांपासून फोनवर आपल्या मोसंबीच्या बागेच्या गोष्टी सांगतो आहे.

त्या दिवशी आम्ही पेटीशिवाय, टाळ्यांवर मराठी भजने म्हटली, सौ.ने इथून नेलेल्या करंज्या काढल्या, आणि मोसंबीने एक करंजी पळवली तेव्हा घरात आकांत झाला, कारण तिच्यात मनुका होत्या आणि मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सुधीरने तिच्या तोंडात बोट घालून ती काढली. सौ. बिचारी घाबरून गेली. मोत्याने तुमच्या दिवाळीतला सबंध डबा फस्त करून दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपटी हलवली होती, हे ऐकलेल्या माणसाला असले काही ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो. दुपारी जेवताना रिबूने विचारले, "आजोबा, आपण जालन्याला राहायला गेलो की मोसंबीपण येईल ना?" दत्ता, तिने 'गेलो तर' म्हटले नाही, 'गेलो की' म्हटले. तिच्या मनात ते अजून ठरलेले होते. सुधीर ताटाकडे पाहत होता. कुत्रा कागदपत्रे करून भारतात आणता येतो, हे मला माहीत होते. आदल्या रात्री मी फोनवर वाचले होते. आणि तरी माझ्या तोंडून काय निघाले? मी म्हणालो, "बाळा, आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. एवढ्या केसांच्या जिवाला ते सोसणार नाही."

ती गप्प झाली. सुधीरने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते तुझ्याशिवाय कोणाला सांगणार नाही. कितीतरी दिवसांचे ओझे कोणी न मागता उचलून घ्यावे, तसा तो दिसत होता. त्याला आम्हाला जे सांगायचे होते, ते मीच त्याच्या वतीने सांगून टाकले, तेही त्याच्या मुलीला आणि ऐन नाताळच्या पंगतीत. मी हे प्रेमाने बोललो की भीतीने, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कदाचित मी विचारले असते आणि त्याने 'नाही' म्हटले असते तर मला ते ऐकायचे नव्हते, म्हणून उत्तर मीच देऊन मोकळा झालो. सौ.ला यातले काही बोललो नाही. तिला कळले आहे असे वाटते, कारण त्या रात्री तिने मोसंबीला स्वतःहून आपल्या पलंगावर घेतले.

मी २०१९ साली पुन्हा बाग लावली तेव्हा तू माझ्याशी भांडला होतास. पासष्टीला टेकलेल्या माणसाने पाचव्या वर्षी फळ देणारे झाड लावावे ते कोणासाठी, असे तू भर बाजारात विचारले होतेस, आणि मी तुला 'तुझे सोयाबीन बघ' म्हणालो होतो. ते बोलणे मला लागले होते, कारण प्रश्न बरोबर होता. दोन एकर, सव्वादोनशे झाडे, आणि ती कोणासाठी हे मी कोणालाच स्पष्ट सांगितले नव्हते, सुधीरलाही नाही. त्याला वाटत असेल की म्हाताऱ्याचा तो छंद आहे.

परत आलो तर बाग ताणावर चांगली बसली होती. महिनाभर मी नसताना पुतण्याने सांगितल्याप्रमाणे थेंबभर पाणी दिले नाही; पाने पिवळी पडून निम्मी गळाली होती. दरवर्षी या दिवसांत ती बाग बघवत नाही, आणि दरवर्षी मनाला सांगावे लागते की आंबे बहार, म्हणजे या दिवसांतली फुले, धरायचा तर हे सोसलेच पाहिजे. परवा ताण तोडायला आंबवणीचे पहिले पाणी सोडले. आळ्यात पाणी उतरताना जो वास येतो, तो घेत मी बांधावर बसलो होतो, तेवढ्यात तिकडून व्हिडिओ कॉल आला. तिकडे मध्यरात्र होती. रिबूला झोप येत नव्हती. तिने मोसंबीचे तोंड फोनपुढे धरले आणि मला म्हणाली, "तिला झाडे दाखवा." मी दाखवली. पाने गळालेली पाहून ती म्हणाली, "आजोबा, ही मेली का?" मी म्हणालो, "नाही, आता फुलतील." सुधीर मागे उभा होता, तो काही बोलला नाही, पण त्याने विचारले, "ताण किती दिवसांचा दिलात?" हा प्रश्न ज्याला सुचतो त्याच्या मनातून बाग गेलेली नाही, असे तुला वाटते का? की मीच ओढूनताणून अर्थ लावतो आहे? तू त्याला लहानपणापासून पाहतो आहेस, तूच सांग.

हे विचारण्याची घाई अशी की समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या बाजूच्या जमिनींना गिऱ्हाईक फिरते आहे, आणि एक गृहस्थ गेल्या दिवाळीपासून माझ्या मागे आहे. त्याला मी प्रत्येक वेळी 'मुलगा येणार आहे' एवढेच उत्तर दिले. तो येत्या रविवारी, उपासनेनंतर, पुन्हा येणार आहे. आता त्याला तेच उत्तर द्यायला माझी जीभ वळणार नाही, आणि दुसरे उत्तर माझ्यापाशी नाही. सुधीरला सरळ विचारावे, की जे मी बोलून बसलो तेच खरे धरून चालावे? विचारले तर तो माझ्यासाठी 'येतो' म्हणेल आणि रिबूला पिल्लापासून तोडील, अशीही भीती वाटते. त्याच्या लहानपणी त्याने दोनदा कुत्रा मागितला होता आणि मी दोन्ही वेळा नाही म्हटले होते.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? धाकटीचे ठरले असे उडत उडत कळले. तारीख कळव, आम्ही दोघे चार दिवस आधी येऊ. वहिनींना नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ अजून तुझ्याकडे येणे आहे.

शनिवारच्या रात्रीपर्यंत फोन कर. भांडायचे असेल तरी कर.

तुझा,
शमू

ता. क. आईची गोधडी मी तिकडेच ठेवून आलो, मोसंबी तिच्याशिवाय निजत नाही. सौ. नवी शिवायला घेणार आहे. वहिनींकडे जुनी सुती पातळे असतील तर टाकू नका म्हणावे.