भगोण्याच्या कडेला किती अंश?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकादशीनंतर किंवा सप्ताहाच्या काल्यानंतर विषबाधेची बातमी आली की चौकशी भगरीच्या पुड्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. भगर जुनी होती का, पिठाला बुरशी होती का, हे पाहायलाच हवे. पण चुलीवरून उतरल्यापासून पानात पडेपर्यंत ते अन्न किती तास, कोणत्या तापमानाला होते, हे कुणी विचारत नाही.

घट्ट पदार्थातली उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. पातळ वरण भांड्यात आपले आपण फिरते, म्हणून लवकर निवते. भगर किंवा खिचडी आळली की हे फिरणे थांबते. ५० सेंटिमीटर व्यासाच्या भगोण्यात ४० सेंटिमीटर उंचीपर्यंत भगर असेल, तर बाहेरची बाजू सतत ३० अंशांवर धरली तरी मधोमध ९० वरून ६० अंशांवर यायला गणिताने १५ तासांहून अधिक लागतात. नुसत्या हवेत त्याहूनही जास्त. कडेचा थर मात्र तीन-चार तासांत ६० अंशांखाली येतो आणि पुढे रात्रभर कोमटच राहतो, कारण आतून उष्णता येतच असते. झाकण काढले की वाफ निघते. ‘गरमच आहे की,’ असे आचारी म्हणतो, आणि मधल्या भगरीपुरते ते खरेही असते.

या कोमट थरात काय होते? बॅसिलस सीरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूंचे बीजाणू (त्यांची बीजासारखी, टणक कवचाची अवस्था) उकळूनही मरत नाहीत. अन्न ६० अंशांखाली आले की ते रुजतात. परफ्रिंजेन्सला ४३ ते ४५ अंश सर्वांत मानवतात. तिथे तो साधारण १० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे २ तासांत एकाचे ४ हजारांवर. ‘पुन्हा एक उकळी आणली की झाले’ हा समज इथे घात करतो. उकळीने वाढलेले जिवाणू मरतात, पण बॅसिलस सीरियसचे उलटी आणणारे विष १२१ अंशांना दीड तास तापवले तरी टिकते. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे विषही उकळीला दाद देत नाही, आणि तो तर पंगतीत वाढणाऱ्याच्या हातावरूनच अन्नात येतो.

आता आपल्याकडचा मे महिना घ्या. न्यूटनने १७०१ मध्ये (निबंधावर नाव न घालता) मांडलेला नियम सांगतो, की वस्तू निवण्याचा वेग तिच्या आणि भोवतालच्या तापमानातील फरकावर ठरतो. परभणीत, नांदेडात दुपारी हवाच ४२ अंशांवर असते. म्हणजे उघड्यावर ठेवलेले भगोणे जसजसे ४२ च्या जवळ येईल तसतसे निवणे मंदावणार, आणि रेंगाळणार ते नेमके जिवाणूंच्या आवडत्या तापमानाला. ओले फडके गुंडाळून पंखा लावल्यास थोडे साधते: हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओले कापड २४ अंशांच्या आसपास उतरू शकते. आषाढी-श्रावणात हवा दमट असल्याने तेही फारसे जमत नाही.

ढवळल्याने किती फरक पडतो, हे पृथ्वीच्या वयाच्या वादात दिसले होते. १८६२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी पृथ्वी, आतला भाग वरणासारखा न फिरता, नुसत्या वहनाने (उष्णता कणाकडून कणाकडे जाऊन) निवते असे धरून तिचे वय २ ते ४० कोटी वर्षे काढले. १८९५ मध्ये त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी दाखवले, की आतला भाग संथ का होईना फिरत असेल तर हा हिशेब कितीतरी पटींनी चुकतो. पेरींचा आक्षेप बरोबर होता. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, तोही याच नियमांनी गोठला. जाड थरांना दशकेच्या दशके लागतात. हवाई बेटांवरचे १९५९ चे किलाउएआ इकी हे शंभरावर मीटर खोल लाव्हातळे पूर्ण गोठायला तीन दशकांहून अधिक काळ गेला.

अन्न साठवायचेच असेल तर ६० वरून २१ अंशांवर २ तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या ४ तासांत आणावे. त्यासाठी पदार्थ परातींत ५ सेंटिमीटरहून कमी जाडीचा पसरावा आणि स्वच्छ, कोरड्या उलथण्याने हलवत राहावे. पातळ थराला पंख्याचा चांगला उपयोग होतो. खोल भगोण्याला होत नाही, कारण तिथे उष्णता आतच अडकलेली असते. भाताची रास करून वर ओले फडके टाकण्याची पद्धत सर्वांत वाईट. वरण-आमटीचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे तर ५० किलो आमटी ६० वरून २० अंशांवर आणायला हिशेबाने सुमारे १८ किलो बर्फ लागतो. वितळून वाया जाणारा धरून २५ किलो आणावा. बर्फ भांड्याबाहेरच, लादीचा बर्फ अन्नात टाकू नये.

पण आमचे स्पष्ट मत असे, की सप्ताहाच्या मांडवात अन्न निववून साठवण्याच्या फंदात पडूच नये. तिथे शीतगृह नसते आणि ५ अंश गाठणे शक्य नसते. रात्री दोनला एकच मोठे भगोणे उतरवण्यापेक्षा पंगतीच्या आधी लहान लहान घाणे काढावेत आणि वाढून होईपर्यंत अन्न मंद आचेवर ६० अंशांच्या वर ठेवावे. सुईचा डिजिटल थर्मामीटर लागेल. तो आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहावे, आणि मोजताना सुई मधोमध नव्हे, कडेपासून दोन बोटे आत खुपसावी.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी बातमी देताना अन्न चुलीवरून कधी उतरवले, भांडे किती खोल होते आणि शेवटची पंगत कधी उठली, या तीन गोष्टी विचारून छापाव्यात. पुड्याच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत दिवस जातात. ही माहिती त्याच संध्याकाळी आचाऱ्याकडून मिळू शकते.

आपले,
अन्नतंत्रज्ञानाचे दोन अध्यापक, परभणी