नानांची कूस बदलणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये करोनाच्या काळात ज्यांनी ज्यांनी ड्युटी केली, त्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. नावं घेत नाही, कारण एक घेतलं की दुसरं राहून जाईल. शिवाय रात्रपाळीतल्या कित्येकींना आम्ही फोनवरच्या आवाजावरूनच ओळखतो.

फौजेत असताना नानांची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून दरीत कोसळली आणि मणक्याला थेट मानेत इजा झाली. पाय तर गेलेच, हातांतही फारसं बळ उरलं नाही. अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी १९७४ साली सुरू झालेलं तुमचं केंद्र हेच गेली कित्येक वर्षं त्यांचं घर आहे.

मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले. पाठोपाठ लॉकडाऊन लागलं आणि आमच्या भेटी थांबल्या. टीव्हीवर दिवसभर 'दो गज दूरी' ऐकून काकूंचा जीव खालीवर व्हायचा. ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही, त्या माणसापासून लांब राहून त्याचं करणार कोण आणि कसं?

ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांना ही चिंता कळावी, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मज्जारज्जूला इजा झाली की त्याखालच्या अंगाला दुखणंही कळत नाही. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाच्या उंचवट्यांवर दाब येतो, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत बेडसोरची सुरुवात होते. दुर्लक्ष झालं तर ती जखम हाडापर्यंत जाते आणि भरायला महिने घेते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दर वेळी टाचा, माकडहाड, खुबे निरखायचे, कातडी लाल दिसतेय का ते बघायचं. लघवीची नळी कुठे तुंबली किंवा नुसती पिळली गेली, तरी मानेत इजा झालेल्या माणसाचा रक्तदाब एकदम चढू शकतो, आणि वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं. खोकायला लागणारे स्नायूही दुबळे झालेले असतात. कफ सुटावा म्हणून पोटावर हात ठेवून, त्यांच्या श्वासाच्या लयीत दाब द्यावा लागतो.

खोकणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर वाकून, त्या दिवसांत, हे तुम्ही करत होतात. मास्क आणि फेस शील्ड मध्ये असलं तरी ते वाकणं काही चुकत नव्हतं. नाना फोनवर तुमच्याबद्दल फार बोलायचे नाहीत, पण ३ मे २०२० ला सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी देशभर रुग्णालयांवर फुलं टाकली तेव्हा म्हणाले, "बरोबर जागी पडली."

एप्रिल २०२१ मधली ती रात्र मात्र मला मांडायचीच आहे. दुसरी लाट ऐन भरात होती, शहरात ऑक्सिजन बेडसाठी लोक रात्ररात्र फिरत होते, आणि नानांना थंडी वाजून ताप भरला. अशा रुग्णांना ताप आला की पहिला संशय लघवीच्या संसर्गाचा. पण त्या महिन्यात तेवढ्यावर विसंबणार कोण? ड्युटीवरच्या सिस्टरनी त्यांना वेगळं ठेवलं, करोनाची चाचणी करवली आणि लघवीही तपासायला पाठवली. मग आम्हाला फोन. "करोना असेल असं मी म्हणत नाही, नसेल असंही म्हणत नाही. ऑक्सिजन आत्ता चांगला आहे. सकाळी पुन्हा फोन करते." ना घाबरवलं, ना खोटा धीर दिला. सकाळी खरंच फोन आला. चाचणी निगेटिव्ह निघाली, संसर्ग लघवीचा होता, औषधांनी ताप उतरला. त्या रात्री काकू थोड्या तरी झोपल्या, त्या केवळ त्या चार वाक्यांवर.

आणि तुमची घरं? एका सिस्टरचा मुलगा दहावीला होता. त्या वर्षी परीक्षाच रद्द झाली, सगळी घालमेल त्याच्या वाट्याला, आणि आई घरी येऊन वेगळ्या खोलीत राहत होती. हे आम्हाला फार उशिरा समजलं, तेही नानांकडून. तुम्ही कधी बोलला नाहीत.

भेटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा काकूंनी नानांची विचारपूस करण्याआधी त्यांना कुशीवर घ्यायला लावून पाठ बघितली. मग टाचा. एकही जखम नव्हती. इतक्या महिन्यांत एकही नाही! करोनातून माणसं वाचवणाऱ्यांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण एका माणसाच्या पाठीवर जखम होऊ दिली नाही, याची बातमी होत नाही. काकूंना ते नेमकं कळलं, आणि म्हणूनच त्या दिवशी तुमच्यासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांच्या वतीने हे आभार मी लिहिते आहे.

वॉर्डातल्या सहायकांनाही हे पत्र वाचून दाखवा. नानांसारख्या धिप्पाड माणसाला वळवणं एकटीचं काम नाही, चादरीची दुसरी बाजू त्यांनी धरली होती.

तुमची ऋणी,
नानांची पुतणी